देवळ्याची पावती कळवणला

मला आपांनी मदत केली. हे आधी लिहिते. पुढचं सांगायला लागले की राग येतो, आणि राग आला की मी सर आणि लीड सर यांच्याबद्दलच बोलत बसते, आपा मागे राहतात. तसं व्हायला नको.

आपा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअर बाई. मालेगावच्या. घरचे सगळे यंत्रमागावर, ह्या एकट्या डिप्लोमा करून नाशकात आलेल्या. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी मीही म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मॅडम केबिनमध्ये बसतात, मी तुझ्या शेजारी बसणार आहे. तेव्हापासून मी आपा म्हणते, त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

मी भंडाऱ्याच्या पलीकडची, धानाच्या मुलखातली. नववीत शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि घरात भात रांधायला दुसरं कोणी नव्हतं. मग आई गेली. भावाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि रांधायला दोघी झाल्या म्हणजे एक जास्त झाली. भावाने माझ्यासाठी माणूस बघून ठेवला होता. बायको वारलेला, थोरली पोरगी जवळजवळ माझ्याएवढी. तेवढ्यात गावातल्या मुली नाशिकला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर निघाल्या, मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. भाऊ म्हणाला, काम आहे तोवर रहा. ज्या दिवशी काम सुटेल त्या दिवशी घरी यायचं आणि मी सांगेन तिथं उभं राहायचं. अजूनही त्याचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, काम आहे ना. माझं काम जाण्याची भीती ही अशी आहे. ती पगाराची नाही.

पॅकहाऊसवर मी कात्रीने घड साफ करायचे. आपा तिथं काट्याचं मशीन बसवायला आल्या होत्या. त्यांना पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचणारं कोणीतरी हवं होतं, सुपरवायझरने मला पुढे ढकललं. दिवसभर मी आकडे वाचले. जाताना त्यांनी विचारलं, फोनवर बोलायला घाबरतेस का. मी म्हटलं, हो जी. त्या म्हणाल्या, मग चालेल, घाबरणारी माणसं नीट ऐकतात. हंगाम संपल्यावर मी त्यांच्या ऑफिसात फोन घ्यायला लागले. तिथं मला घ्यावं म्हणून त्या सरांशी, म्हणजे आमच्या मालकांशी, किती भांडल्या, ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही लीड सरांनी टोमणा मारताना.

कंपनी लहानशी. सातपूरला लेथच्या वर्कशॉपवरचा मजला. खाली मशीन सुरू झालं की वर कपातला चहा थरथरतो. काम असं, की कांदा व्यापाऱ्यांची खळी असतात, कांदा ओतायच्या, निवडायच्या, भरायच्या मोठ्या जागा. तिथल्या भुईकाट्याला आमचा एक टॅब जोडलेला. ट्रॅक्टरचं वजन झालं की टॅब आमच्या सर्व्हरला मेसेज पाठवतो, सर्व्हर वजन नोंदवतो आणि उलटा मेसेज देतो, की मिळालं, हा तुमचा नंबर. तो उलटा मेसेज पोहोचला की खळ्यावरच्या प्रिंटरमधून पावती निघते. पावती हातात पडल्याशिवाय शेतकरी ट्रॅक्टर हलवत नाही, आणि त्याच्यामागे रांग असते. एक जाणारा मेसेज आणि एक येणारा, एवढ्यावर सगळं उभं. त्यातला एक अडला की खळ्यावर आरडाओरडा, आणि तो आरडाओरडा पहिला माझ्या कानात.

समोर एक कागद चिकटवलेला होता, त्यावरचे प्रश्न विचारायचे. टॅब चालू आहे का. नेट आहे का. दिवा हिरवा की लाल. उत्तरं कॉम्प्युटरवर लिहायची, पुढचं लीड सर बघायचे. लीड सर म्हणजे सर्व्हरचं काम ज्यांच्याकडे होतं ते, नाशिकचेच, हुशार, आणि नक्कल करण्यात एक नंबर. मी बोलताना "बघून राहिले जी" म्हणते, आमच्याकडे तसंच बोलतात. ते चहावाल्याला हाक मारायचे, "चहा येऊन राहिला का जी?" आणि माझ्याकडे बघायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. न हसून कुठं जाते.

लाल कांद्याचा हंगाम ऐन भरात आला आणि कळवणचं खळं बिघडलं. कळवणचे शेठ आमचे सगळ्यात मोठे ग्राहक, त्यांच्या ओळखीने आणखी कितीतरी खळी आलेली. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण आलं कोण गेलं याची नोंद जिथं उमटते तिथं, कळवणच्या नावापुढे एकच चाललेलं. जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. लीड सर म्हणाले, नेट खराब. सिमकार्ड बदललं. राऊटर बदलला. एक माणूस पाठवून खळ्याच्या पत्र्यावर अँटेना चढवला. तो माणूस घसरून पाय मुरगाळून परत आला, आणि जोडलं-तुटलं होतं तसंच.

त्याच दिवसांत मला देवळ्याच्या खळ्यावरून फोन यायला लागले. काट्यावर बसणारा भाऊ बागलाणी बोलणारा, नेहमी हळू बोलायचा, आता रडकुंडीला आलेला. "ताई, वजन जास, पण पावती येत नही शे. लोके अंगवर येतस." मी कागदावरचे प्रश्न विचारले. टॅब चालू, नेट आहे, दिवा हिरवा. मी तसं लिहिलं. लीड सरांनी माझी नोंद बघितली आणि खुर्ची फिरवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की देवळ्याचा टॅब फुटलाय, त्यांनी नवीन मागितलाय, आपण अजून दिलेला नाही, लॉगमध्ये देवळ्याच्या नावाने एक ओळ नाही, मग बंद खळ्यावरून हिला फोन कोण करतंय. "वारलेली आज्जी फोन करते काय तुझी?" सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, तर त्यांनी ती नोंद पुसून टाकली.

आणि कळवणवरून भलतीच तक्रार. तिथला काटेवाला म्हणाला, "ताई, वजन नाय केलं तरी पावती निघतीये. कोणाची हाय ते बी म्हाईत नाय." त्याने आधी अशा पावत्या खिळ्याला टोचून ठेवल्या, मग कंटाळून कचऱ्यात टाकायला लागला. तेही मी लिहिलं. नोंद अशी होती, की कळवणला वजनाविना पावती येत आहे. त्यावरून माझं नाव भूतबाई पडलं.

मग कळवणच्या शेठनी सरांना फोन करून सांगितलं, की आठवडाअखेर नीट झालं नाही तर मशीनं उचलून न्या.  सरांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, हे गेलं तर कोणाला तरी घरी जावं लागेल. म्हणताना माझ्याकडे बघितलंच असं नाही. पण मला वहिनीची चूल दिसायला लागली.

लीड सर म्हणाले, गोंधळ सर्व्हरवर नाही, फोनवर आहे. ही काय विचारते, काय ऐकते, ते बघू. आमचे फोन रेकॉर्ड होतात. त्यांनी माझे कॉल स्पीकरवर लावले.

हे मला अजून स्वप्नात येतं, म्हणून थोडक्यात सांगते. बिघाड शोधायचा म्हणून लावलेले कॉल, पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला सगळे बिघाड विसरले. माझा आवाज स्पीकरमधून यायचा, "नाही जी, मी बघून राहिले, तुम्ही घाबरू नका जी," आणि लीड सर बटण दाबून मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. बाटलीतून पाणी पिणाऱ्या कोणालातरी हसून ठसका लागला. एका कॉलमध्ये देवळ्याचा भाऊ बोलता बोलता रडतो आणि मी पण रडते, दोघं काही न बोलता रडतो. तो त्यांनी पूर्ण ऐकवला. सर हसत नव्हते, पण थांबवतही नव्हते, मोबाईल बघत होते. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. सनमायका निघालेला होता तिथं.

शेवटी लीड सरांनी दोन्ही खळ्यांचे कॉल एकापाठोपाठ लावले आणि हात पसरले. "बघा. देवळ्याला पावती येत नाही, कळवणला फुकट येते. सोपं आहे. देवळ्याच्या ट्रॅक्टरवाल्यांना सांगा, पावती घ्यायला कळवणला जा."

सगळ्यात मोठा हशा ह्याला पडला. आपा हसल्या नाहीत. आधीही हसल्या नव्हत्या, वहीवर रेघोट्या मारत बसल्या होत्या. हे वाक्य ऐकलं आणि त्यांचं पेन थांबलं. त्या उठल्या, मला म्हणाल्या, चल गं, आणि मीटिंग सोडून निघाल्या. सर म्हणाले, मॅडम, अजून संपलं नाही. आपा दारातून म्हणाल्या, "तुमचं नसेल."

जागेवर बसून त्यांनी सर्व्हरकडे येणारी जाणारी प्रत्येक गोष्ट पकडून दाखवणारं एक साधन सुरू केलं. लॉगमध्ये फक्त नाव दिसतं, इथं मेसेज कोणत्या वाटेने आला तेही दिसतं. ओळी भराभर वर सरकत होत्या. आपांनी कळवणच्या तेवढ्या ठेवल्या, बाकी झाकल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. नाव तेच, कळवण. वाटा दोन.

त्यांनी मला समजावलं ते असं. प्रत्येक टॅबला एक नाव आणि एक गुप्त किल्ली दिलेली असते. ती दाखवली की सर्व्हर आत घेतो. गावाकडे नेट मध्येच जातं, जुनं कनेक्शन मेलेलं असून जिवंत दिसतं, म्हणून सर्व्हरला नियम घातलाय, की त्याच नावाने नवा आला तर जुन्याला बाहेर काढ, नव्याला घे. आता एकाच नावाने दोघं येतायत. दुसरा आला की पहिला बाहेर. पहिल्याचा टॅब म्हणतो, अरे तुटलं, पुन्हा जोडतो, की दुसरा बाहेर. दिवसभर हेच. आणि देवळ्याने वजन पाठवलं, उत्तर निघेपर्यंत कळवण आत येऊन बसलेलं, तर उत्तर कळवणला. सर्व्हरच्या दृष्टीने तिथं एकच माणूस आहे.

मी म्हटलं, पण आपा, देवळ्याला कळवणचं नाव गेलं कसं. त्या म्हणाल्या, "ते कॉम्प्युटर नाही सांगणार. लाव फोन."

मी देवळ्याच्या भावाला फोन लावला. आपांनी कागदावरचे प्रश्न बाजूला करून एकच विचारायला सांगितलं, की आत्ता हातात आहे तो टॅब कुठला. तो अगदी सहज म्हणाला, की आपला तर फुटला ना ताई, हा मालकाच्या सासरचा.

देवळ्याच्या खळ्याचा तरुण मालक हा कळवणच्या शेठचा जावई. टॅब फुटला, आमच्याकडून नवा येईना, हंगाम तोंडावर. तो सासुरवाडीला जेवायला गेला आणि बोलता बोलता म्हणाला, की खळं अडलंय. जावई मागतोय म्हटल्यावर शेठ काय नाही म्हणतील. घरात एक जास्तीचा टॅब होता, तो दिला. तो कोरा होता, तर देवळ्याच्या मोबाईलवाल्याकडून कळवणच्या चालू टॅबमधलं सगळंच्या सगळं त्यात उतरवून घेतलं, नाव, किल्ली, सगळं. म्हणजे तोही तसाच चालेल. आम्हाला कळवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. पोरीच्या घरी दिलेली वस्तू, ती कोणी बाहेर सांगत फिरतं का.

मला वाटलं, सुटलो. आपांनी देवळ्याला तो टॅब बंद ठेवायला सांगितलं, कळवणचं जोडलं-तुटलं जागच्या जागी थांबलं. लीड सर येऊन मागे उभे राहिले, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाले, मी तर मघाशीच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. वयस्कर, स्वच्छ टोपी, बोलणं मऊ. आपांनी फळ्यावर दोन चौकोन आणि एक नाव काढून सगळं दाखवलं. शेठना कळलं. लगेच कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि तेव्हाच तो चेहरा बंद झाला.  मग आपांशी न बोलता सरांशी बोलायला लागले. म्हणाले, तिकडे शेतकऱ्यांनी व्याह्यांना चारचौघांत शिव्या दिल्या. व्याही घरी येऊन माझ्या पोरीला म्हणतात, तुझ्या बापाने दिलं ते असलं दिलं. दोन वेळा जेवायला बसताना तिला हेच ऐकावं लागतंय. आता मी जाऊन सांगू, की चूक जावयाची?

"माझी पोर तिथं नांदतीये साहेब," ते म्हणाले. "चूक तुमच्या ऑफिसची. तुमचं माणूस येऊन तिथं, सगळ्यांसमोर तसं सांगू द्या. आणि ते माणूस पुन्हा आमच्या कामावर नको. ठेवलं तर व्याह्यांना खरं वाटायचं नाही."

त्यांना वाईट वाटत होतं, हे मी बघितलं. पण वाईट वाटून ते थांबले नाहीत.

सर म्हणाले, बरोबर आहे शेठ. शेठ खाली गाडीपाशी जाईपर्यंत सुद्धा त्यांनी धीर धरला नाही. मला हाक मारली. म्हणाले, तू फोनवर विचारलं नाहीस टॅब कुठला म्हणून. मी म्हटलं, कागदावर तो प्रश्न नव्हता जी. ते म्हणाले, डोकं पण कागदावर असतं का. मग आवाज उतरवला, समजूत घालावी तसा. "हे बघ, नववी नापास मुलगी, तुझं इथं आहे कोण? तुझं नाव खराब झालं तरी ते भंडाऱ्याला पोहोचणार आहे का? बाकी सगळ्यांना घरं आहेत, लोनं आहेत. तू जा, दोन वाक्यं बोल, आणि तिकडूनच गाडी धर."

मी नापास नव्हते झाले. शाळा सुटली होती. हे सांगावंसं वाटलं.  

आपा फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या, की सर, टॅबला नावं मी देते, ही फोन उचलते. फोन उचलणाऱ्या मुलीमुळे दोन खळ्यांना एक नाव गेलं, हे तिथला कोणी मानणार नाही. व्याही बाजार फिरलेले आहेत. "खोटंच बोलायचं तर निदान पटेल असं बोला."

सरांनी विचारलं, म्हणजे तुम्ही जाताय? त्यांचा आवाज गमतीचा होता. आपा म्हणाल्या, जाते. लीड सर खुर्चीत बसलेले होते. प्रत्येक टॅबची स्वतःची खूण तपासायची, नुसत्या नावावर कोणाला आत घ्यायचं नाही, असं आपांनी पूर्वी दोनदा सुचवलं होतं, आणि आत्ता वेळ नाही म्हणून ते त्यांनीच उडवून लावलं होतं. ते बूट बघत होते.

मला हायसं वाटलं. खरं तेच लिहिते. आधी हायसं वाटलं, मग रडू आलं.

गाडीत मी आपांच्या शेजारी बसले, मला कोणी चल म्हटलं नव्हतं. चांदवड सोडून भावडबारीच्या घाटाला लागेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, आपा, का. त्या म्हणाल्या, "मला मालेगावला घर आहे. अम्मी ओरडेल, भाऊ तोंड फिरवतील, पण ताट वाढतील. तुझं तसं नाही, तूच सांगितलंस." मग म्हणाल्या, आता रडू नकोस, उतरल्यावर मला तोंड धुवायला पाणी लागेल, बाटली भरून घे.

देवळ्याच्या खळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन वर आलेलं. कांद्याचे ढीग, निवडायला बसलेल्या बाया, हवेत सगळीकडे लाल टरफलं उडत होती. व्याही खाटेवर बसले होते. आपा उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या, तर त्यांनी हात वर केला. थांबा, म्हणाले, लोकं येऊ द्या. ऐकायचं त्यांनी आहे. मग आम्ही तिथंच उभ्या राहिलो. ट्रॅक्टर येत गेले, माणसं उतरत गेली. कोणी बसा म्हणालं नाही.

माणसं जमल्यावर आपांनी सांगितलं, की दोन खळ्यांना एकच नाव माझ्याकडून गेलं. म्हणून तुमच्या पावत्या कळवणला निघाल्या. मशीन चांगलं आहे, ज्यांनी दिलं त्यांचा काही दोष नाही, चूक माझी. व्याही म्हणाले, मागच्यांना ऐकू आलं नाही. आपांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मागून एकाने विचारलं, बाई कुठल्या? कोणीतरी म्हणालं, मालेगावच्या. "तरीच," पहिला म्हणाला, आणि काही जण हसले. दुसरा म्हणाला, "बाई, घरी लेकरांची नावं तरी येगळी ठेवली का?" आता सगळे हसले, निवडणाऱ्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून.

आपा म्हणाल्या, "लेकरं नाहीत भाऊ. लग्नच नाही."

हसू जरा थांबलं, मग कोणीतरी म्हणालं, बरं झालं, आणि पुन्हा सुरू झालं.

घरातून सून चहा घेऊन आली. तीच शेठची मुलगी. डोक्यावर पदर, हाताला अजून चुड्याच्या खुणा. तिने सगळ्यांना कप दिले. आपांच्या पुढे ट्रे धरला तेव्हा तो हलत होता, कप बशीवर वाजत होते. तिला ठाऊक होतं, टॅब तिच्या समोरच तर नवऱ्याच्या हातात पडला होता. तिने वर बघितलं नाही. आपांनी कप उचलला आणि ट्रेच्या खाली क्षणभर हात लावून तो सरळ केला.

तिचा नवरा, ज्याने हे सगळं केलं तो, काट्याच्या खोलीला टेकून उभा होता. सगळं झाल्यावर पुढे आला. त्याला मोठेपणा दाखवायचा होता. "होतं असं ताई," तो आपांना म्हणाला. "माणूस आहे, चुकतं. आम्ही मनात ठेवत नाही." त्याचे वडील त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

आपा म्हणाल्या, शुक्रिया. परत येताना त्यांनी बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

दुसऱ्या दिवशी लीड सरांनी सर्व्हरवर टॅबची खूण तपासायची सोय घातली, आपांनी सुचवली होती तीच. सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचं अभिनंदन केलं, अंगठे आणि टाळ्या येत राहिल्या. आपा तेव्हा ड्रॉवर रिकामा करत होत्या. केक आला. एक तुकडा त्यांच्याही टेबलावर कोणीतरी ठेवून गेलं. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, खा, उपाशी राहून काही होत नाही. मी खाल्ला. त्या बघत होत्या म्हणून.

निरोपाला कोणी खाली आलं नाही. मी त्यांची बॅग धरून रिक्षापर्यंत गेले. बसता बसता त्यांनी एवढंच सांगितलं, की मेसेज अडला तर दोन्ही टोकांना विचारायचं, मधल्याचं ऐकून थांबायचं नाही.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. चहावाल्याला अजून तशीच हाक मारतात, मी हसायचं सोडलंय, त्यावरूनही चेष्टा होते. भावाचा फोन येतो, मी म्हणते, आहे काम. आपा मालेगावला मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. नोकरीसाठी अर्ज करतात, मुलाखत छान होते, आणि मग पुढे काही येत नाही. त्या म्हणतात, नशीब. मला तसं वाटत नाही. आमच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि सरांचा मोबाईल नंबर सगळ्यांकडे आहे. मोठ्या चुकीमुळे काढलं, असं ते सांगतात. आपा गेल्यानंतरच्या आठवड्यात कोणालातरी तसं सांगताना मी ऐकलंय.

पण सगळ्यांकडेच सरांचा नंबर नसतो. एखादी मोठी, बाहेरगावची कंपनी असेल तर ती आपांची चौकशी करायला ऑफिसच्या नंबरवर फोन करेल, आणि तो नंबर माझ्या टेबलावर वाजतो. असा फोन सरांना जोडायचा, अशी मला सूचना आहे. आपा, त्या दिवशी मी तो जोडणार नाही. मी सांगेन, की त्या बाईंनी बिघाड केला नाही, शोधला. कोणी केला हे मी त्यांना सांगणार नाही, कारण देवळ्याच्या घरात ती मुलगी अजून नांदते, आणि तिच्यासाठी तुम्ही जे बोललात ते मी मोडणार नाही. पण तुमचं मी सांगेन, माझ्या बोलीत, न घाबरता, किंवा घाबरत का होईना. त्यानंतर मला घरी जावं लागलं तर जाईन. तुमचं देणं मी फेडेन.